लगमाक्कानं अडवलेली कुस्ती

दूधगंगेवर पूल नव्हता, आणि पलीकडं जायचं तर काहिलीत, म्हणजे गूळ करायच्या भल्यामोठ्या कढईत, बसून जावं लागायचं, तेव्हाची ही हकीकत. उंबरमळे गावात आजही ती सांगतात. सांगणारा बदलला की एखादी गोष्ट वाढते, एखादी गळते. मी ऐकली तशी सांगतो.

त्या काळात उंबरमळ्याच्या माळावर एक धनगरीण राहायची. तिचं नाव लगमाबाई, पण सगळा गाव तिला लगमाक्का म्हणायचा. नवरा तापानं गेला, दीर-जावा मेंढरं घेऊन कोकणात उतरले, आणि ही आपला वाटा घेऊन इथंच थांबली. अंगानं शिडशिडीत, बोलायला तुटक. पण तिचे हात! तिच्या हातांना डोळे होते, असं म्हणतात. कोकराचा पाय खडकात अडकून पिरगळला, की ती डोळे मिटायची, चार बोटं सांध्यावरून फिरवायची आणि सांगायची, हाड शाबूत आहे, नुसतं मुरगळलंय. किंवा सांगायची, हे मोडलंय, बांधायला बांबूच्या कामट्या आणा. तिनं एकदा सांगितलं की त्यात फरक पडायचा नाही.

उंबरमळे हे पैलवानांचं गाव. गावात देऊळ लहान आणि तालीम मोठी. तांबड्या मातीत ताक, तेल आणि हळद घालून कुस्तीचा हौदा केलेला. हौद्यात बाईनं पाऊल टाकायचं नाही, तालमीचा उंबराही ओलांडायचा नाही, हा तिथला नियम. तालमीचे वस्ताद होते हिंदुराव. छातीनं दरवाजा भरून टाकणारा माणूस. त्यांच्यासमोर पैलवान शिंकायलासुद्धा भीत, असं म्हणतात.

एके सकाळी लगमाक्का मेंढरं घेऊन तालमीवरून चालली होती. आतून किंकाळी आली. नरसू नावाच्या पैलवानाचा खांदा निखळला होता, आणि चारजण त्याचा हात धरून ओढत होते. जितकं ओढत तितका तो ओरडत होता. लगमाक्का उंबऱ्यापाशी थांबली आणि तिथूनच गरजली, "सोडा त्येला! खांदा भ्यालाय त्येचा. भ्यालेलं जनावर दावं वडून गोठ्यात येतंय व्हय?"

वस्ताद चिडून बाहेर आले. पण नरसूचा चेहरा पांढराफटक पडला होता, आणि दुसरा इलाज कुणाला सुचत नव्हता. त्याला बाहेर आणला. आक्कानं त्याला दगडी कट्ट्यावर पालथा निजवला, हात कडेनं खाली लोंबता सोडला, आणि मनगटाला फडक्यानं एक रिकामी घागर बांधली. मग तांब्यातांब्यानं त्या घागरीत पाणी ओतत ती त्याच्याशी बोलत बसली. तुझं आजोळ कुठलं रं? आई जुंधळ्याची भाकरी करती का नाचणीची? नरसू उत्तरं देता देता सैल पडत गेला. घागर अर्धीही भरली नसेल, खांद्यातून टक्‌ असा आवाज आला, आणि त्यानं आश्चर्यानं वर पाहिलं. दुखणं थांबलं होतं.

त्या दिवसापासून पैलवान तिच्याकडं जाऊ लागले. ती उंबऱ्याच्या आत येत नसे, म्हणून ते बाहेर येत. कुणाचं बोट, कुणाचा घोटा, कुणाची मान. तिची रीत ठरलेली होती. ती आधी विचारायची, "दुकलं तवा आवाज आला का?" मग विचारायची, "सूज लगीच आली का सकाळी उठल्यावर?" आणि दुखऱ्या पायाला हात लावायच्या आधी ती बरा पाय मागायची. पैलवान हसत. ती म्हणायची, "परतेकाचं अंग येगळं. तुजं चांगलं कसं असतंय त्ये कळल्याबिगर वाईट काय झालंय त्ये मला कसं कळंल?" आसपासच्या गावांतून माणसं येऊ लागली. नदीपलीकडून काहिलीत बसून येऊ लागली. आक्कानं हात लावला की मोडलेली बोरीची फांदीसुद्धा जुळते, असं म्हणतात. ते काही मी पाहिलेलं नाही.

आता केरबाचं ऐका.

केरबा हा हिंदुराव वस्तादांचा लाडका पठ्ठ्या. रंगानं काळासावळा, चालला की जमिनीला कळावं असा. बाप लहानपणीच गेलेला, आईनं दुसऱ्यांच्या रानात खुरपून त्याला दूध पाजलेलं. भैरोबाच्या जत्रेत दरवर्षी मानाची कुस्ती व्हायची, जिंकेल त्याच्या गावाला चांदीची गदा मिळायची. कितीतरी वर्षं ती गदा नदीपलीकडच्या गावात अडकून पडली होती. तिकडं बाबालाल नावाचा पैलवान होता, त्याची पाठ कुणी जमिनीला लावू शकलं नव्हतं. त्या वर्षी मात्र सगळं उंबरमळे म्हणत होतं, यंदा केरबा गदा आणणार. बायका जात्यावर त्याचं नाव घेत, म्हातारी माणसं पारावर त्याच्या डावांची चर्चा करत.

जत्रा जवळ आली असताना, एका सकाळी, सरावात त्याचा पाय मातीत रुतला आणि अंग मात्र फिरलं. ऊस मोडल्यासारखा आवाज झाला. धार काढून दूध घरात येईपर्यंत गुडघा कलिंगडाएवढा सुजला.

वस्तादांनी त्याला आक्काकडं उचलून नेलं. तिनं आवाजाचं ऐकलं, सुजेचं ऐकलं, आणि तिचा चेहरा उतरला. पण ती एवढंच म्हणाली, "सूज उतरू द्या. मग हात लावीन." आंबेहळद उगाळून लावली, एरंडाची पानं गरम करून बांधली, पाय उशीवर उंच ठेवायला सांगितला. हळूहळू सूज ओसरली. केरबा उठून चालू लागला, सरळ चालू लागला. गावानं नारळ फोडले. केरबाची आई आनंदानं रडली.

मग आक्कानं त्याला माळावर बोलावलं. आधी त्याचा बरा पाय दुमडून घेतला, पंजावर आपण बसली, आणि नडगी दोन्ही हातांनी धरून पुढं ओढली. नडगी तिथल्या तिथं अडली. मग दुखरा पाय घेतला. तीच ओढ दिली. नडगी पुढं आली, आणखी पुढं आली, दावं तुटलेलं वासरू गोठ्याबाहेर यावं तशी.

आक्कानं त्याचा पाय हलकेच खाली ठेवला. मग म्हणाली, "केरबा, उतारावरनं येताना गुडगा सोडून जातोय का रं?"

केरबानं मान खाली घातली. जायचा. दोनदा तो पडलाही होता, पण कुणाला बोलला नव्हता.

"गुडग्यात दोन दावी असत्यात," ती म्हणाली. "एकमेकांला तिडा घालून. त्येच्यातलं एक तुटलंय. चालशील, पळशीलसुदा सरळ. पर मातीत पाय रवून अंग फिरीवलंस, की उरल्यालं सगळं फाटंल. मग जलमभर काठी. यंदाची कुस्ती न्हाई."

"आक्का, बांधून दे घट. येवडी एकच खेळतो."

"बांधून आतलं दावं जुळतंय व्हय?"

केरबा उठला आणि गेला. ही गोष्ट त्यानं वस्तादांना सांगितली, वस्ताद स्वतः आक्काकडं आले. ती त्यांनाही तेच म्हणाली. वस्ताद म्हणाले, "बाई, तुला मेंढरातलं कळतं. पैलवान दुखणं अंगावर काढतो, म्हणून तो पैलवान." आणि गाव पुन्हा तयारीला लागलं. कुणाकुणाला आक्काचं पटलं होतं. पण गदेपुढं बोलायची कुणाची छाती झाली नाही. केरबाची आई एकदा माळावर आली, आक्काच्या खोपटाबाहेर बसली आणि तशीच परत गेली.

जत्रेचा दिवस उजाडला. नदीकाठचं मैदान माणसांनी भरून गेलं. हलग्या वाजत होत्या. पलीकडच्या गावाहून काहिलींवर काहिली येत होत्या, आणि एकीत लाल लंगोटाची लांग कसलेला बाबालाल उभा होता. लहानमोठ्या कुस्त्या झाल्या. दुपार कलली. मानाच्या कुस्तीचा पुकारा झाला. केरबानं कपडे उतरवले. गुडघ्याला घट्ट पट्टी होती. त्यानं भैरोबाचं नाव घेतलं.

तेवढ्यात गर्दीतून वाट काढत लगमाक्का आली. खांद्यावर घोंगडं होतं. ती थेट मैदानात शिरली, तांबड्या मातीच्या मधोमध गेली, घोंगडं अंथरलं आणि त्यावर मांडी घालून बसली.

हलगी एकदम थांबली. त्या मातीत बाईचं पाऊल कधी पडलं नव्हतं. मग एकच गलका उठला. माती बाटवली म्हणून कुणी ओरडलं, कुणी ढेकूळ भिरकावलं. गावच्या पंचांतला एकजण पुढं येऊन म्हणाला, "ऊठ, न्हाईतर उद्यापास्नं तुजी मेंढरं गावाच्या रानात बसणार न्हाईत." मेंढरं रानात बसली की त्या खताच्या बदल्यात शेतकरी धनगराला धान्य देतो; ती बसली नाहीत तर त्याच्या पोटाला दाणा मिळत नाही. आक्काला ते माहीत होतं. ती हलली नाही.

केरबाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो तिच्यासमोर येऊन दात ओठ खात म्हणाला, "आक्का, ऊठ. सगळ्या मुलखासमोर माजी अब्रू घालीवतीस?"

"घालीवते," आक्का म्हणाली. "अब्रू परत येती. तुला खेळायचंच आसंल तर माज्या अंगावरनं जा."

केरबाचा पाय उचलला गेला नाही.

शेवटी हिंदुराव वस्ताद आले. रागानं त्यांचा चेहरा लाल झाला होता. ते तिला उठवायला वाकले, तेवढ्यात आक्कानं हात पुढं केला आणि वस्तादांच्या उजव्या गुडघ्यावर ठेवला. धोतरावरूनच. डोळे मिटले. वस्ताद जागच्या जागी थिजले.

वस्ताद कधी जमिनीवर मांडी घालून बसत नसत. लग्नात नाही, देवळात नाही, मयतीतसुद्धा नाही. लोकांना वाटायचं, हा त्यांचा तोरा आहे.

"वस्ताद," आक्का हळूच म्हणाली, "हितंबी तुटलंय. लई जुनं हाय. कवा झालं?"

मैदानात एवढी शांतता पसरली की नदी ऐकू येत होती, असं म्हणतात.

वस्तादांनी गुडघ्यावरचा तिचा हात तसाच राहू दिला. मग म्हणाले, "मिसरूड फुटलं नव्हतं अजून. गदेचीच कुस्ती होती." त्यांचा आवाज कधी नव्हे तो बारीक झाला होता. "दुखत होतं. सगळ्यांना ठावं होतं. कुणी थांबीवलं न्हाई. त्येच्यानंतर मी कुस्ती खेळलोच न्हाई, आक्का. नुसती शिकीवली."

आणि सगळा गाव बघत असताना तो एवढा मोठा माणूस, एक पाय ताठ पुढं ठेवून, एका हाताचा आधार घेत, तिच्या शेजारी मातीत बसला. वस्तादांनी केरबाकडं पाहिलं. "बस पोरा," ते म्हणाले. "मी सांगतोय. बस."

केरबा बसला, आणि तोंड झाकून लहान पोरासारखा रडला.

पलीकडच्या लोकांनी आरडाओरडा सुरू केला, गदा आमची, गडी पळाला. तेव्हा बाबालाल मैदानात उतरला. त्यानं आपल्या लोकांकडं वळून हात वर केला. "उबा गडी असंल तर कुस्ती," तो म्हणाला. "बसल्याला हरवून घरी काय सांगू? पुढच्या जत्रंला ईन मी." आणि तोही त्या तिघांच्या शेजारी येऊन बसला. तेवढ्यात माळावरून आक्काची मेंढरं आपणहून खाली आली आणि मैदानाच्या कडेनं गोल करून बसली. त्यातलं एकही ओरडलं नाही, असं म्हणतात.

पण गावाचा राग एका दिवसात जात नाही. पंचांनी म्हटलं तसं केलं. आक्काच्या मेंढरांना रानं बंद झाली. त्या हिवाळ्यात ती खडकाळ डोंगरावर राहिली आणि तिची कितीतरी कोकरं थंडीनं गेली. तिनं कुणापाशी रड गायली नाही. वस्तादांनी शेवटी आपलं स्वतःचं रान तिच्या मेंढरांना मोकळं केलं, तेव्हा बाकीच्यांना लाज वाटली.

केरबाही बरेच दिवस तिच्याकडं गेला नाही. तालमीत जाऊन एकटाच बैठका मारायला लागला, आणि एकदा ओढ्याच्या उतारावर गुडघा सुटून दगडांवर पडला. आक्का शोधत आली. रागावली नाही. शेजारी बसली आणि म्हणाली, "कुस्ती गेली तर मी कोण, आसंच वाटतंय न्हवं?" केरबानं तिच्याकडं पाहिलं. हेच त्याला कुणाला सांगता येत नव्हतं. "माजा मालक गेला तवा मलाबी वाटलं हुतं," ती म्हणाली. "चल. मेंढरं हाकायला माणूस पायजे मला."

तिनं त्याला खोटी आशा दाखवली नाही. तुटलेलं दावं पुन्हा जुळणार नाही, हे तिनं स्पष्ट सांगितलं. "पर शेजाऱ्यांला त्येचं काम शिकीवता येतंय," असं म्हणून ती त्याच्या मांडीवर थाप मारायची. "ही हाय, मागची शीर हाय, पोटरी हाय. त्येंना हुशार करायचं." मग सुरू झालं ते शिक्षण. सकाळी मेंढरांमागं चढ चढायचा. काही महिने फक्त चढ, उतरताना काठी. मग दूधगंगेत उतरून धारेच्या विरुद्ध चालायचं. मग वाळूत एका पायावर उभं राहायचं, डोळे मिटून, आणि आक्का मागून केव्हाही धक्का द्यायची. आधी तो पडायचा. मग डगमगायचा. मग एके दिवशी धक्का बसला आणि गुडघा आपला आपणच सावरला, केरबाला कळायच्या आधी. त्या सगळ्या काळात दूधगंगा केरबाच्या गुडघ्याइतकीच वाहत होती, असं म्हणतात. पावसात चढली नाही, उन्हात आटली नाही. आक्कानं नदीला तसं सांगून ठेवलं होतं.

एक जत्रा गेली. बाबालाल आला, आक्काला भेटून परत गेला. तिनं मान हलवली होती, अजून नाही. त्याच्या पुढच्या जत्रेला तिनं केरबाची नडगी पुन्हा ओढून पाहिली, त्याला उड्या मारायला लावल्या, वळायला लावलं, थांबायला लावलं. मग म्हणाली, "जा. खेळ."

ती कुस्ती ऊन उतरेपर्यंत चालली. माणसं उभी राहून दमली. केरबानं बाबालालला दोनदा खाली घेतला, दोनदा तो निसटला. शेवटी बाबालालनं त्याला कचाट्यात घेऊन आस्मान दाखवलं. गदा पुन्हा नदीपलीकडं गेली. उंबरमळ्याच्या लोकांना हळहळ वाटली, पण कुणी गावात चूल बंद ठेवली नाही. केरबा मातीतून उठला, दोन्ही पायांवर, आणि लंगडत नव्हता. तो थेट मैदानाच्या कडेला गेला, जिथं आक्का उभी होती.

"गुडगा सुटला का?" तिनं विचारलं.

"न्हाई सुटला."

"मग बास," आक्का म्हणाली, आणि पहिल्यांदाच सगळ्यांसमोर हसली.

पुढं केरबा बरीच वर्षं खेळला, आणि हिंदुरावांनंतर तालमीचा वस्ताद झाला. गदाही एकदा गावात आली, पण तिचं कौतुक आता फारसं कुणी सांगत नाही.

लगमाक्काचं काय झालं, ते नीट कुणालाच माहीत नाही. एका उन्हाळ्यात ती मेंढरं घेऊन घाटाकडं गेली. मेंढरं परत आली, मोजून सगळी, ती आली नाही. पैलवानांनी डोंगर पालथा घातला. कुणी म्हणतं, ती कोकणात आपल्या माणसांत गेली. कुणी म्हणतं, घाटातल्या धनगरांच्या पोरांचे हातपाय आजही रात्रीतून आपोआप बरे होतात, ती तिथंच आहे. केरबानं मात्र तालमीचा उंबरा काढून टाकला आणि तिथं पुन्हा कधी बसवला नाही.

आज दूधगंगेवर पूल आहे. गुडघा गेला तर उंबरमळ्याची पोरं शहरात जातात, डॉक्टर यंत्रातून फोटो काढतात, दुर्बिणीतून नवं दावं बसवतात, आणि मग महिनोन्‌महिने थांबायला सांगतात. ते थांबणं सगळ्यात अवघड. म्हणून आता जत्रेत सगळ्यांत आधी एक कुस्ती नुसती पुकारतात, खेळत नाहीत. तिला आक्काची कुस्ती म्हणतात. मैदान मोकळं ठेवतात, मधोमध घोंगडं अंथरतात. त्या वर्षी जे जायबंदी झाले असतील, दोन्ही काठांचे, ते येऊन त्यावर बसतात. वस्ताद प्रत्येकाला फेटा बांधतो, जिंकलेल्याला बांधतात तसाच. त्यानंतर वर्षभर त्यांना कुणी विचारायचं नाही, की कधी खेळणार. विचारलंच कुणी, तर घरचे सांगतात, "आक्कानं बसीवलंय." त्यावर पुढं कुणी बोलत नाही.

गेल्या जत्रेत पलीकडच्या गावची एक पोरगी आली होती, कबड्डी खेळणारी. गुडघ्याला पट्टा, काखेत कुबडी. राज्याच्या संघात तिची निवड झाली होती, आणि आता ती जाणार नव्हती. ती घोंगड्यावर एकटीच बसली, कारण त्या वर्षी दुसरं कुणी नव्हतं. फेटा बांधून झाला. ती उठेना. मान खाली घालून बसून राहिली. माणसं हजारोंनी होती, ऊन तापलं होतं, पुढच्या कुस्त्यांचे गडी लांग कसून खोळंबले होते.

पण उंबरमळ्यात असा रिवाज आहे, की बसलेलं माणूस आपण होऊन उठेपर्यंत हलगी वाजवायची नाही. कुणी वाजवली नाही. सगळं मैदान तिच्यासाठी थांबून राहिलं.